मोहाच्या वाटेवरचा भोंगा

माझी मोठी बहीण हट्टी आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगतो आणि तिला ते कौतुक वाटतं. आमच्याकडं मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणतो. सावली या गावाच्या पलीकडं जिथं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, संपतात आणि लगेच जंगल लागतं, तिथल्या एका लहान गावात तिचं सासर आहे. माझं कॅमेऱ्यांचं दुकान सावलीत. सोनाराच्या, किराण्याच्या दुकानात, कुणाच्या अंगणात कॅमेरे बसवायचे, बिघडले तर शिडीवर चढायचं, हा माझा धंदा.

दोन वर्षांपूर्वी मोहाच्या दिवसांत बाईच्या धाकट्या जावेला वाघानं नेलं. दोघी एकाच झाडाखाली फुलं वेचत होत्या. बाई झाडाच्या या अंगाला, जाऊ त्या अंगाला. बाईला आवाजसुद्धा आला नाही. काही बोलायला म्हणून तिनं मान वर केली तर पलीकडं फक्त टोपली लवंडलेली होती.

त्यानंतर मी तिला सांगून थकलो की आता मोह सोड. भाऊजींनी सांगितलं, पोरांनी सांगितलं. पण तिचं म्हणणं असं की घरात धान भाऊजींचं, बैल भाऊजींचे, घर सासऱ्याचं. मोह तेवढा तिचा. आधी तिच्या सासूची असलेली ती झाडं सासूनं तिला हात धरून दाखवली होती, आणि फुलं वाळवून, विकून जे येईल त्याचा हिशोब तिला या घरात कुणी कधी विचारला नाही. “माही जाऊ गेली म्हणून झाडं का वाघाले देऊन टाकू?” असं ती म्हणाली. मी चिडून आलो. तिच्याशी भांडणात मी आजवर जिंकलेलो नाही.

पुढच्या वर्षी, मोसम तोंडावर असताना, गावच्या समितीनं जंगलाच्या वाटेवर कॅमेरा लावायचं ठरवलं आणि काम माझ्याकडं आलं. एरवी मी कारागीर पाठवतो. या कामाला मी स्वतः गेलो. बाई मोह सोडणार नव्हती. मग तिच्या आणि वाघाच्या मध्ये काहीतरी उभं करणं एवढंच माझ्या हातात होतं.

गावातून निघालेली पांदण नाल्याकडं उतरते, आणि नाल्यापलीकडं मोहाची झाडं. पांदणीच्या तोंडाशी आम्ही लोखंडी खांब रोवला. वर सौर पाटी, खाली बॅटरीची पेटी, मध्ये कॅमेरा, सिमकार्ड आणि एक मोठा हूटर. त्या हूटरला गावानं पहिल्याच दिवशी भोंगा म्हणायला सुरुवात केली. कॅमेऱ्यात बोलायची सोयही होती. मोबाईलवर बटण दाबून धरलं की आपला आवाज खांबावरून निघतो. ती मी मुद्दाम घेतली नव्हती, त्या कॅमेऱ्याबरोबर आपोआप आली.

खरं काम खांब रोवण्याचं नसतं, ते पुढचं असतं. कॅमेऱ्याला वाघ कळत नाही, माणूस कळत नाही. मघाच्या चित्रात आणि आताच्या चित्रात कुठं फरक पडला एवढंच त्याला कळतं. फरक पडला की तो भोंगा वाजवतो. मोबाईलवर सगळं चित्र बारीक चौकटींत कापलेलं दिसतं. कुठल्या चौकटींवर लक्ष ठेवायचं, केवढा फरक झाला तर ओरडायचं, हे बोटानं ठरवून द्यावं लागतं. पहिल्या दुपारी तो इतक्यांदा वाजला की गावातली कुत्री पार गोंधळून गेली. पांदणीच्या कडेच्या वाडीला रानडुकरं येऊ नयेत म्हणून जुन्या साड्यांचं कुंपण घातलेलं होतं, आणि वारा आला की त्या लाल-हिरव्या साड्या हलायच्या. मी त्या चौकटी वगळल्या. मग शेळी गेली, वाजला. मी लहान आकार वगळला. मग सायकलवरून शिक्षक गेले, पुन्हा वाजला, आणि शिक्षक सायकलवरून पडता पडता वाचले. मी माणसाचा उभा आकारही वगळला.

शेवटी चाचणीची वेळ आली तेव्हा वाघ कुठून आणायचा? मी अंगावर चादर घेतली आणि नाल्याकडून चार पायांवर चालत आलो. अख्खं गाव बघायला जमलं होतं. भोंगा वाजला नाही. बाई म्हणाली, वाघ एवढा काऊन लंगडून राह्यला? सगळ्या बाया हसल्या. मी परत नाल्यापर्यंत गेलो, पुन्हा आलो, सेन्सिटिव्हिटी वाढवली, परत गेलो. तिसऱ्या खेपेला वाजला. गुडघे सोलले होते, पण बरं वाटलं. फक्त एक गोष्ट तिथं माझ्या मनात रुतली. मी सरळ उभा राहून चाललो तर चित्रात माणूस दिसायचो, आणि वाकलो की जनावर. मोह वेचणारी कुणीही सगळा वेळ वाकलेलीच असते. कॅमेऱ्याला जे दिसतं तेच वाघालाही दिसत असणार, असं वाटलं आणि मी घाईघाईनं सामान आवरलं.

मोह पडू लागला. आठवडाभरानं दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी गावच्या कॅमेऱ्याच्या नोंदी चाळत बसलो. भोंगा रोज वाजत होता. रोज पहाटे, एकदाच. मी एकेक चित्रफीत उघडली. पांदण रिकामी, नाला रिकामा, पान हललेलं नाही. आणि मग सगळं चित्र एकदम काळ्यापांढऱ्याचं रंगीत होत होतं.

तेव्हा लक्षात आलं. रात्री कॅमेरा न दिसणाऱ्या उजेडात बघतो आणि सगळं काळंपांढरं दाखवतो. उजाडू लागलं की त्याच्या आतली एक बारीक काच सरकते आणि रंग येतात. त्या क्षणी सगळ्या चौकटींत फरक पडतो, म्हणून तो समजतो की अख्खं जंगलच हललं. धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असलेली गोष्ट आहे ही. मी सगळ्या चाचण्या दिवसाउजेडी केल्या होत्या.

मी बाईला फोन लावला आणि विचारलं की पहाटे भोंगा वाजतो का, आणि तुम्ही लोक घाबरता का.

“वाजते ना, रोज वाजते,” ती म्हणाली. “चांगला वाजते. आमी त्याच्यावरच तं निंगतो.”

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, कुठं निघता?

“मोहाले.”

मी दुकानाचं शटर ओढलं. मी तसाच गाडी काढून गावाला गेलो.

दुपारी बुद्धविहाराच्या ओसरीवर बाया जमल्या. तिथं मला जे कळलं त्यानं माझा राग आणखी वाढला, कारण त्यात शहाणपणा होता. आधी जिनं तिनं अंधारातच निघायचं, कारण जी आधी पोचेल तिच्या टोपलीत जास्त फूल. झाडं घराघराची वाटलेली होती, पण खाली पडलेलं फूल कुणाच्या झाडाचं हे अंधारात कोण बघतं? त्यावरून भांडणं व्हायची. भोंगा रोज नेमानं वाजू लागला तसा बाईनंच नियम काढला: भोंगा झाल्याशिवाय कुणी पांदणीत पाय टाकायचा नाही, आणि भोंगा झाला की सगळ्यांनी मिळून निघायचं.

हे डोकं तिचंच असणार होतं. आमचे वडील चंद्रपूरकडं कोळसा खाणीत होते आणि आम्ही वाढलो तेच मुळी भोंग्यावर. भोंगा झाला की वडील डबा उचलायचे, भोंगा झाला की आई शेगडी पेटवायची, आम्ही शाळेला निघायचो. भोंगा म्हणजे पळा, असं आमच्या घरात कुणालाच कधी वाटलं नाही. भोंगा म्हणजे चला.

मी ओरडलो. सगळ्यांसमोर मोठ्या बहिणीवर ओरडलो, जे आमच्यात चालत नाही. म्हटलं, हा भोंगा वाघासाठी आहे, तो वाजला की घरात बसायचं, तुम्ही उलट त्याच्या तोंडात निघालात. एक म्हातारी शांतपणे म्हणाली की इतक्या दिवसांत भोंगा झाल्यावर एकदा तरी वाघ दिसला का? दिसला नव्हता. दुसरी म्हणाली, यंदा भांडण नाही, एकटीदुकटी अंधारात जाणं नाही, मग तुमचं काय बिघडलं? मी आणखी चिडलो.

तिथंच बसून मी सेटिंग बदललं. चित्र रंगीत होताना थोडा वेळ कॅमेऱ्यानं काहीच पाहू नये, असं करून टाकलं. मग सगळ्यांना पुन्हा समजावलं: उद्यापासून पहाटेचा भोंगा वाजणार नाही, आणि वाजलाच तर तो खरा. माना हलल्या. बाई म्हणाली, बरं. चहा आला होता, तो न पिता मी निघालो. आमच्या घरात चहा न पिता उठणं म्हणजे शिवी दिल्यासारखं असतं, आणि मला ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मोबाईल ओट्यावर टेकवून बसलो. गावची पांदण काळीपांढरी दिसत होती. मग काच सरकली, साड्यांना लाल-हिरवा रंग आला, आणि भोंगा गप्प राहिला. मला फार समाधान वाटलं. मी चहा टाकला.

चहाला उकळी येत होती तेव्हा मोबाईल वाजला. हालचाल.

नाल्याच्या या काठावर, पांदण जिथं खाली उतरते तिथं, तो उभा होता. आधी नुसता खांदा दिसला, मग तो सबंध बाहेर आला आणि वाटेच्या मधोमध बसला. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मला आनंद झाला. यंत्रानं बरोबर पकडलं होतं. सायकल नाही, साड्या नाही, शेळी नाही, वाघ. मी चादर घेऊन गुडघे सोलले ते कामी आलं, असंच वाटलं.

मग चित्राच्या खालच्या कडेनं डोकी आली. डोक्यांवर टोपल्या. एक, मग तिच्यामागं आणखी. सगळ्यांत पुढं निळ्या लुगड्यातली बाई.

मला सगळं एकदम दिसलं. त्या कुणी घरात बसल्या नव्हत्या. नेहमीच्या वेळी भोंगा झाला नाही म्हणून विहारापाशी वाट बघत थांबल्या होत्या, आणि आता तो वाजला म्हणून निघाल्या होत्या. उशीर झाला असंच त्यांना वाटलं असणार. काल हललेल्या माना माझ्या समाधानासाठी हलल्या होत्या.

पांदण तिथं वळण घेते. वळणावर वाडीचं कुंपण, साड्यांची भिंत. खांबावरून मला दोन्ही बाजू दिसत होत्या. बायांना वाघ दिसत नव्हता. वाघाला बाया दिसत नव्हत्या, पण त्याचे कान फिरलेले होते.

मी बाईला फोन लावला. रिंग जात राहिली. फोन ती घरी खुंटीला पिशवीत टांगून जाते, हे मला माहीत होतं, तरी मी पुन्हा लावला. भाऊजींना लावला, तो बंद. कॅमेऱ्याच्या चित्रात बाया चालतच होत्या. मोसमातल्या बायांची चाल असते, भराभर, बोलत, टोपली एका हातानं धरून.

तेव्हा ते बोलायचं बटण आठवलं. आजवर मी ते कधी वापरलं नव्हतं. पण भोंगा अजून वाजत होता, त्याच्यात माझा आवाज कुणाला ऐकू गेला असता? आधी भोंगा बंद करायला हवा. घाईत दोनदा भलतंच पान उघडलं. शेवटी बंद झाला. मी बटण दाबून धरलं आणि ओरडलो की बाई, थांब.

त्या चालत राहिल्या.

हे मला माहीत असायला हवं होतं, पण त्या वेळी कळेना. मोबाईलवरचं चित्र थोडं शिळं असतं आणि आपला आवाज तिथं पोचायला आणखी वेळ लागतो. म्हणजे मला त्या दिसत होत्या तिथं त्या नव्हत्या, पुढं गेलेल्या होत्या, आणि आवाज पोचेपर्यंत आणखी पुढं जाणार होत्या. वळण किती उरलं हे मला कळायला मार्गच नव्हता. मी ओरडतच राहिलो. चहा उतू गेला, बायको धावत आली, मी काय करतोय ते तिला कळेना.

मग चित्रातली बाई थांबली. तिनं मान वळवून खांबाकडं पाहिलं. मागच्या बायाही थांबल्या. एका म्हातारीनं खांबाला हात जोडले. बाईनं कानाला हात लावून दाखवला. तिला शब्द कळले नव्हते, आवाज कळला होता. माझा आवाज ती कुठंही ओळखते.

मी ओरडणं बंद केलं. सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं, तिच्याच बोलीत सांगितलं, “बाई, समोर वाघ हाये. पळू नको. कोणी वाकू नका. मांगं सरका.”

आणि बटण सोडून मी वाट पाहिली. माझ्या आयुष्यात एवढी लांब वाट मी कधी पाहिली नाही. वाघ उठून उभा राहिला होता. त्याचं तोंड आता वळणाकडं होतं. मग बाईनं टोपली डोक्यावरून काढली, एका हातानं समोर धरली आणि दुसरा हात मागं करून बायांना मागं लोटायला लागली. कुणी वळलं नाही. सगळ्या जणी कॅमेऱ्याला पाठमोऱ्या, एकमेकींच्या पदराला धरून, मागं मागं सरकत राहिल्या. मग त्या टोपल्या बडवायला लागल्या. आवाज मला येत नव्हता, हात दिसत होते.

वाघ उभा होता तिथून बाजूला वळला आणि साड्यांच्या कुंपणाच्या कडेनं चालू लागला. त्या चौकटी मीच वगळलेल्या. तिथं तो हलला तरी इशारा येणार नव्हता, आणि साड्यांच्या आड तो कुठं गेला ते मला दिसलं नाही. बाया चित्रातून बाहेर गेल्या. मग रिकामी पांदण, आणि तिच्यात पडलेली एक टोपली. ती टोपली बघून मी जमिनीवर बसलो. बायको पाठीवर हात फिरवत होती आणि मला ते कळत नव्हतं.

खूप वेळानं फोन आला. बाई. सगळ्या घरी होत्या. टोपली त्या म्हातारीची होती, भीतीनं सुटली होती. आणि ती बाई असल्यामुळं पहिलं काय बोलली, तर खांबावरून तुझा आवाज फार चिरका येतो.

त्या संध्याकाळी मी पुन्हा विहाराच्या ओसरीवर होतो, आणि या वेळी चहा आधी मीच मागितला. बायांनी आपसात आधीच ठरवून ठेवलं होतं. भोंगा निघण्यासाठीच राहील, रोज उजेड झाल्यावर, आणि तो यंत्राच्या मर्जीनं नाही तर वेळेवर वाजेल. वाघासाठी खांबानं बोलावं. मी ऐकलं. भोंगा हालचालीपासून सोडवला आणि घड्याळाला जोडला. वाडीच्या कुंपणाच्या चौकटी पुन्हा चालू केल्या आणि साड्या ताणून घट्ट बांधायला लावल्या. हालचाल झाली की वाजायचा इशारा बाईच्या आवाजात भरून दिला. तिनं तो एका दमात भरला: वाघ हाये, घरी चला. एखादं चुकार ढोर गेलं तरी तो वाजायचा, पण आता तो वाजला की पाय मागं यायचे.

एवढं झालं तरी बाईचा यंत्रावर विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर ती खांबाखाली येऊन उभी राहिली, वर पाहून तिनं हाक मारली, “बाबू, पाहून राह्यला का?” कॅमेऱ्यातून ऐकायची सोय मी आता चालू करून ठेवली होती, त्यातून मला ती ऐकू आली. मी नाल्यापर्यंत सगळं चित्र मागंपुढं करून पाहिलं आणि सांगितलं, पाहून राह्यलो, जा. मग ती गेली. त्यानंतर रोज हेच. रोज ती विचारायची, रोज मी बघून सांगायचो, आणि ती टोपली घेऊन परत येताना दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. तिला जाऊ नको असं मी परत म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

मोसम संपता संपता एका पहाटे नेट गेलं. चित्राच्या जागी ते गोल चक्र फिरत राहिलं. मी बटण दाबत होतो, घरभर फिरत होतो, गच्चीवर गेलो. तिचा फोन लावला. रिंग जात राहिली. म्हणजे ती निघाली होती. खांबापाशी येऊन तिनं विचारलं असेल, मी गप्प, आणि तिनं नेहमीप्रमाणं कमरेला पदर खोचून चालायला सुरुवात केली असेल. मी गाडी काढली. रस्त्यात गुरं होती, मी त्यांच्यावर ओरडलो, त्यांच्या मालकावर ओरडलो.

अर्ध्या वाटेवर फोन वाजला. बाई. आधी मला वाटलं, तिचा फोन दुसऱ्याच कुणी लावलाय. तसा फोन त्या वर्षी भाऊजींनी लावला होता, जावेच्या वेळी.

“कुठी मेला होता?” ती कडाडली. “उभी राहून राहून माहे पाय दुखले. बाकीच्या बायाबी थांबल्या माह्यासंगं. रिकामं टोपलं घेऊन घरी आलो सगळ्या.”

मी विचारलं, तू गेली नाहीस?

“तू बोलला नाई,” ती म्हणाली, “तं मी कशी जाऊ?”

मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली. रडू आवरेना, आणि ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून फोन कानापासून लांब धरला. पलीकडून ती शिव्या देतच होती.